आधी व्हिसाची अट, मग कोर्सची फी

प्रिय मित्रा,

पदवीनंतर परदेशात इंग्रजी शिकवायला जायचं म्हणतोस, तर पगाराचे आकडे बाजूला ठेव आणि त्या देशाची व्हिसाची अट वाच. दक्षिण कोरियाचा ई-2 व्हिसा मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या 7 देशांच्या नागरिकांसाठी आहे. 2010 पासून लागू असलेल्या भारत-कोरिया व्यापार करारामुळे भारतीयांना सहायक शिक्षक म्हणून दार किलकिलं आहे, पण पदवीसोबत शिक्षकाची पात्रताही लागते. जपानच्या शाळांसाठीच्या 'इन्स्ट्रक्टर' व्हिसाला इंग्रजीतून 12 वर्षं शिक्षण झाल्याचा पुरावा मागतात. मराठी माध्यमातून आलेल्याचं इंग्रजी कितीही पक्कं असो, गाडी तिथे अडते. अन्याय आहे, पण वाद घालून व्हिसा मिळत नाही.

इंग्रजी शिकवायचं प्रशिक्षण देणारे 120 तासांचे ऑनलाइन कोर्स स्वस्त पडतात, पण बहुतेकांत विद्यार्थ्यांसमोर उभं राहायची वेळच येत नाही. सेल्टामध्ये, म्हणजे केंब्रिजच्या इंग्रजी शिक्षकांसाठीच्या प्रमाणपत्र कोर्समध्ये, 6 तास खऱ्या वर्गाला शिकवावं लागतं आणि मागे बसलेला प्रशिक्षक चुका टिपतो. परवडत असेल तर तेच कर.

कागदपत्रांत घोळ होतो तो नावाचा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव, कधी आईचंही. पासपोर्टवर मांडणी वेगळी. फरक असेल तर तो आत्ताच निस्तर. पदवी प्रमाणपत्र दीक्षांत समारंभानंतर हाती येतं, त्यानंतर राज्याकडून पडताळणी आणि परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं प्रमाणीकरण. पोलीस क्लिअरन्स मात्र फार आधी काढू नकोस, जुना झाला की चालत नाही. आणि 'टुरिस्ट व्हिसावर या, वर्क परमिटचं इथे बघू' म्हणणाऱ्या एजंटला सरळ नाही म्हण.

वर्गात 'अंडरस्टँड?' विचारलंस तर सगळे माना डोलावतील. त्यापेक्षा 'आता आधी काय करायचं?' असं विचार. व्हिएतनामी विद्यार्थी शब्दाच्या शेवटची व्यंजनं गिळतात, म्हणून 'वर्क्ड'चं 'वर्क' होतं. काळ चुकला असं समजून व्याकरण शिकवत बसलास तर तास वाया जाईल. आपलं इंग्रजीही तपासून घे: 'प्रीपोन' तिकडे बहुतेकांना कळत नाही, आणि 'आय हॅव अ डाउट' म्हटलं की ऐकणाऱ्याला शंका नव्हे, संशय वाटतो. 'व्हेस्ट' (vest) आणि 'वेस्ट' (west) फोनवर रेकॉर्ड करून ऐक. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात नुसते ओठ गोल होतात.

तुझा हितचिंतक