मुलगी गल्लीतल्या गल्लीत सायकल चालवते, हेल्मेट खरंच लागतं का?

तुमची मुलगी सात वर्षांची, घरासमोरच चालवते, हेल्मेट म्हटलं की रडारड; आणि आपण तर तसेच शिकलो, काही झालं नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या भुवईवर तीन टाके आहेत. घरचे तेही 'काही झालं नाही'मध्येच धरतात.

लागतं, आणि गल्लीतच लागतं. सायकलच्या हेल्मेटची चाचणी घेताना ते लोखंडी ठोकळ्यावर आपटतात: युरोपच्या ईएन १०७८ मानकात साधारण दीड मीटरवरून, अमेरिकेत दोन मीटरवरून. म्हणजे तोल जाऊन डोकं जमिनीवर आदळलं तर बसेल तेवढ्या माराचा त्यात विचार आहे. भरधाव मोटारीचा नाही.

माझा मुलगा तर चालवतानाही पडला नव्हता. एक पाय टेकवून मित्राशी गप्पा मारत उभा होता, पाय घसरला आणि डोकं थेट फुटपाथच्या कडेवर. रडला तो कोपर खरचटलं म्हणून. हेल्मेट वरून ठीकठाक होतं, आतलं अस्तर काढलं तर थर्माकोलसारख्या फोमला आरपार चीर. हा फोम स्वतः चेंगरतो म्हणून डोक्याला धक्का कमी बसतो, पण एकदा चेंगरला की पुन्हा कामाचा राहत नाही. ते हेल्मेट त्याच दिवशी टाकलं. (बायकोला ती उधळपट्टी वाटली.) कुणाचं वापरलेलंही म्हणूनच घेऊ नका, ते आधी किती वेळा आपटलंय हे बाहेरून दिसत नाही.

वाढत्या अंगाचं म्हणून एक माप मोठं तर अजिबात नको. सैल हेल्मेट मागे सरकतं आणि कपाळ उघडं पडतं. कड भुवयांच्या वर दोन बोटं हवी, पट्टे कानांच्या जरा खाली जुळायला हवेत. बक्कल लावून तिला मोठ्ठी जांभई द्यायला सांगा. हेल्मेट किंचित खाली ओढलं गेलं तर पट्टा बरोबर.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: घसरगुंडीवर किंवा झाडावर चढताना ते काढायला लावा. पट्टा अडकून गळफास बसू शकतो. युरोपात लहान मुलांसाठी ईएन १०८० हे वेगळं मानक आहे ते त्याचमुळे. त्यातलं बक्कल जोराने ओढलं गेलं की आपोआप सुटतं.

आता मोटारी. या वयात येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज नीट येत नाही. तो हट्टीपणा नव्हे, ती जाणच अजून पुरती आलेली नसते. त्यात उभ्या गाड्यांच्या मधून निघालेलं बुटकं पोर चालकाला दिसतच नाही. 'सांभाळून जा' याचा मुलांना काही अर्थ लागत नाही, त्यांना करायला काहीतरी ठरावीक द्या. आमच्याकडे दोनच नियम आहेत. फाटकाशी आलं की एक पाय जमिनीवर, दोन्ही बाजूंना बघायचं, मग पुढे. आणि उभ्या गाडीचे मागचे पांढरे दिवे लागले की जिथे आहोत तिथेच थांबायचं, ती मागे येणार आहे.

रडारडीचं म्हणाल, तर रंग तिला निवडू द्या आणि सोबत चालवताना तुम्हीही घाला. आम्ही सायकलच्या कुलपाची किल्ली हेल्मेटच्या पट्ट्यालाच बांधून ठेवलीय.