चायनीज बुफेला पहिल्यांदाच जाताय?

आल्या आल्या ताटली उचलू नका. आधी रिकाम्या हातांनी सगळ्या काउंटरांवरून एक चक्कर मारा. फ्राइड राइस, नूडल्स बहुधा सुरुवातीलाच मांडलेले असतात आणि त्यांनीच पोट भरून जातं. ते शेवटी चमचाभर घ्या. वाफेवरचे डिमसम (सारण भरलेले छोटे चिनी पदार्थ) टोपली नुकतीच उघडली असेल तरच घ्या, निवले की त्यांचं आवरण चिवट होतं. गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवायला हवं, म्हणून कोमट चिकन किंवा कोळंबी मी घेतच नाही. नवा ट्रे येईपर्यंत खुशाल थांबा. शाकाहारी असाल तर भाज्यांबद्दलही विचारा, त्यांत अनेकदा ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांपासून केलेला सॉस, असतो. आणि हो, दर फेरीला स्वच्छ ताटली घ्या.