तुमचे प्रश्न : वस्तीतलं छोटं स्टेशन

यावेळी बरेच प्रश्न छोट्या लोकल स्टेशनांबद्दल आलेत, घरांच्या मध्येच असलेली, दोन फलाट आणि एक पूल एवढाच पसारा असलेली स्टेशनं. मला स्वतःला अशी स्टेशनं फार महत्त्वाची वाटतात, कारण माणूस घरातून चालत येऊन गाडीत बसतो ती हीच जागा, म्हणून उत्तरं जरा सविस्तर देतेय.

प्रश्न : आमच्याकडे फास्ट गाडी थांबत नाही, धाडधाड निघून जाते. अर्धा मिनिट थांबली तर काय बिघडणार आहे?

अर्ध्या मिनिटाचा प्रश्न नसतो हो तो. ताशी ९० किलोमीटरने येणाऱ्या गाडीला आधी ब्रेक लावायचा, थांबायचं आणि परत तेवढाच वेग पकडायचा, यात लोकलचे नेहमीचे ब्रेक आणि पिकअप धरले तरी ४० सेकंद जादा जातात आणि वर तुमचा अर्धा मिनिट, म्हणजे एका थांब्याला सव्वा मिनिटाच्या आसपास गेलं. मागे तीन मिनिटांवर दुसरी फास्ट असेल तर तिलाही पिवळा सिग्नल बघून वेग कमी करावा लागतो, तिच्या मागचीलाही, आणि गर्दीच्या वेळेला ते सगळं साचत जातं. शिवाय खूप ठिकाणी फास्टच्या रुळाला छोट्या स्टेशनात फलाटच नसतो, मग विषयच संपला.

त्यापेक्षा स्लो गाड्या ठराविक अंतराने मागा. १२ मिनिटांनी एक येणारी गाडी ६ मिनिटांनी यायला लागली की सरासरी वाट बघणं ६ वरून ३ मिनिटांवर येतं आणि हा फायदा प्रत्येक प्रवाशाला मिळतो.

प्रश्न : स्टेशनला एकच गेट आहे, तेही एका टोकाला. आमची घरं दुसऱ्या टोकाला, कुंपणापलीकडे फलाट दिसतो पण जाता येत नाही. हे मागणं योग्य आहे का? लोक म्हणतात एवढ्याशा स्टेशनला दुसरं गेट कशाला.

शंभर टक्के योग्य आहे, आणि माझं मत विचाराल तर छोट्या स्टेशनसाठी दुसरं गेट हे फास्ट गाडीच्या थांब्यापेक्षा मोठं काम आहे. हिशोब बघा, १२ डब्यांची गाडी, डबा साधारण २० मीटरचा, म्हणजे फलाट किमान २४० मीटर. माणूस मिनिटाला ८० मीटर चालतो असं धरलं तर तुम्ही कुंपणाच्या बाहेरून ३ मिनिटं गेटपर्यंत चालता आणि तुमचा डबा मागचा असेल तर आतून परत ३ मिनिटं उलटं चालता, संध्याकाळी हेच पुन्हा. म्हाताऱ्या माणसाला किंवा कडेवर मूल असलेल्या बाईला ३ मिनिटांची पाच होतात.

आता वस्तीच्या बाजूने बघा. स्टेशनला लोक साधारण १० मिनिटं म्हणजे ८०० मीटरपर्यंत चालत येतात असं नियोजनवाले धरतात. एका गेटभोवती ८०० मीटरचं वर्तुळ काढलं तर २ चौरस किलोमीटर जागा त्यात येते, आणि २४० मीटरवर दुसरं गेट उघडलं की कागदावर त्यात जवळपास पाचवा हिस्सा वाढतो. प्रत्यक्षात रस्ते सरळ नसतात त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण एक नवीन रूळ न टाकता स्टेशन एवढ्या जास्त घरांच्या जवळ जातं ही केवढी मोठी गोष्ट आहे!

आणि रेल्वेवाल्यांना पटेल असा मुद्दा पाहिजे असेल तर हा सांगा. गेट एका टोकाला असलं की सगळे त्याच टोकाच्या दोन-तीन डब्यांत घुसतात, बाकीचे डबे रिकामे असले तरी गाडी सुटते ती सगळ्यात गर्दीच्या दारातली शेवटची माणसं चढउतार झाल्यावरच. दुसऱ्या गेटने गर्दी पसरते आणि थांबा छोटा होतो, म्हणजे त्यांचंच टाइमटेबल सुधारतं.

नाही म्हणायची कारणं सहसा दोन असतात, तिकीट तपासायला माणूस नाही आणि गेटबाहेरची जागा दुसऱ्या खात्याची आहे. पहिल्याला आता मोबाइल तिकीट आणि मशीन आहे. दुसऱ्यासाठी मात्र नगरसेवकाला आणि रेल्वेला एकत्र जागेवर आणून उभं करावं लागतं, नुसता अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. जाताना कुठल्या गल्लीतून किती लोक येतात ते सकाळी मोजून घेऊन जा, त्या कागदाला वजन असतं.

प्रश्न : पलीकडे जायला पूल बरा की सबवे? आईचे गुडघे दुखतात.

गुडघ्यांसाठी सबवे. वर विजेच्या तारा असतात त्यामुळे पूल रुळापासून सहा मीटरच्या वरच न्यावा लागतो, सबवेला मात्र माणसाची उंची आणि वरचा स्लॅब एवढं पुरतं, साडेतीन-चार मीटर. रॅम्पला बारास एक असा उतार धरला तर ४ मीटरला ४८ मीटर रॅम्प लागतो आणि साडेसहाला ७८, वर मधले सपाट टप्पे वेगळेच. पण सबवे रुंद, सरळ, या तोंडातून ते तोंड दिसणारा आणि चांगल्या उजेडाचा पाहिजे, पाणी उपसायचा पंप चालू पाहिजे, नाहीतर रात्री बायका तिथून जाणारच नाहीत आणि लोक रूळ ओलांडायला लागतील, जे कोणीही कधीही करू नये. लिफ्ट दोन्हीकडे हवीच, पण ती बंद पडते म्हणून रॅम्पही मागा.

प्रश्न : आमचा फलाट वळणावर आहे. डब्याच्या मधल्या दाराशी फट कमी आणि टोकाच्या दाराशी मोठी, असं का?

डबा सरळ आणि रूळ वाकलेले म्हणून. तुमचा फलाट वळणाच्या आतल्या बाजूला असणार, तिथे डब्याचं पोट फलाटाकडे येतं आणि टोकं लांब जातात. ३०० मीटर त्रिज्येचं वळण आणि २० मीटरचा डबा असेल तर मध्य आणि टोक यांत १७ सेंटीमीटरचा फरक पडतो. पोट घासू नये म्हणून फलाट मागे घ्यावाच लागतो. फलाट बाहेरच्या बाजूला असेल तर बरोबर उलटं होतं. त्यात वळणावर रूळ एका बाजूला उचललेले असतात, डबा कलतो, म्हणून पायरीची उंचीही बदलते. फलाट सरळ करणं जवळपास अशक्य असतं, पण कडेला रबराची पट्टी, त्या दारांसमोर जास्त उजेड आणि ठळक रंग एवढं नक्की मागता येतं. मुलांना घेऊन मधल्या दाराने चढा.

प्रश्न : फलाटावरच्या पिवळ्या उठावाच्या फरशा घसरू नये म्हणून असतात का?

नाही, त्या दृष्टिहीन प्रवाशांसाठी असतात. जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये त्या तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या. लांबट पट्ट्या म्हणजे या दिशेने चला, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे कड, जिना किंवा वळण आहे. काठीला आणि पायाला ते कळतं. त्यामुळे त्यावर बॅगा, बाकडी, स्टॉलची खोकी काहीच ठेवायचं नाही, आणि दुरुस्तीत कोणी ठिपक्यांच्या जागी पट्ट्या बसवल्या तर त्याच दिवशी स्टेशन मास्तरांकडे लेखी तक्रार करा, कारण फलाटाच्या कडेला पट्टी लागली तर तिचा अर्थ पुढे चला असा होतो.