दुसरीतल्या मुलाला दीन (इस्लाम धर्म) शिकवताना आधी काय?

ताई, तुमचा मुलगा मराठी शाळेत दुसरीत, संध्याकाळी मोमिनपुऱ्यातल्या मकतबात (कुराण शिकवणाऱ्या वर्गात) जातो. सूरह (कुराणातले अध्याय) घडाघडा म्हणतो, पण खोटं बोलायला लागलाय आणि दोजखच्या (नरकाच्या) भीतीनं रात्री दचकतो. आता आणखी काय शिकवू, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत, नवीन काहीच नको. पाठ आहे त्याचाच अर्थ घरी मराठीत सांगा. कायदा (अरबी वाचनाचं पहिलं पुस्तक), उच्चार हे मकतबात शिकवणाऱ्या हाफिजसाहेबांचं काम, त्यात आपण लुडबुड करू नये.

सूरह माऊन त्याला येत असेल. सातच आयती (वचनं). यतीमाला (अनाथाला) हाकलणारा, दिखाव्याची नमाज पढणारा, आणि शेवटी रोजच्या वापरातली साधी वस्तूही न देणारा. खोडरबर दप्तरात असताना ‘नाही माझ्याकडे’ म्हणणाऱ्या पोट्ट्याला हे पटकन कळतं.

खोट्याचं म्हणाल तर आधी मोठ्यांनी सांभाळावं. एका बाईनं पोराला ‘ये, तुला काही देते’ म्हणून हाक मारली. काय देणार होतीस, असं नबींनी, म्हणजे पैगंबर मुहम्मदांनी (स.) विचारलं. ती म्हणाली, खजूर. काहीच दिलं नसतंस तर तुझ्या नावे एक खोटं लिहिलं गेलं असतं, असं ते म्हणाले. अबू दाऊद या संग्रहातली हदीस (नबींच्या बोलण्या-वागण्याची नोंद) आहे. आणि आपण? ‘अब्बा घरी नाहीत म्हणून सांग’ हे पोराच्याच तोंडून वदवतो!

दोजखचं वर्णन या वयात मी करतच नाही. सातव्या वर्षी नमाज सांगा, दहाव्या वर्षी सक्ती करा, या हदीसेतलं दुसरंच लोकांच्या लक्षात राहतं. मधल्या तीन वर्षांत पाच वेळच्या हिशेबानं ५,४७५ नमाजा होतात. तेवढ्यांदा गोडीनं सांगून झालं की मग आवाज चढवायचं बघू.

सध्या ऊन तापलंय, तर वुजू (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणं) नळाखाली नको, लोट्यानं करू द्या. नबी (स.) एका ‘मुद्द’ मापाच्या पाण्यात, म्हणजे साधारण पाऊण लिटरच्या आत वुजू करत. माझ्याकडची पोट्टी पहिल्या दिवशी तोंडावरच सपासप पाणी मारतात, डाव्या पायापर्यंत येईतो लोटा रिकामा. दुसऱ्या दिवशी हात आपोआप आखडतो. उरलेलं पाणी गच्चीवर चिमण्यांच्या भांड्यात. तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून पायातल्या चामडी मोज्यात पाणी आणणाऱ्याला अल्लाहनं माफ केलं, ही गोष्ट तेव्हा सांगा. झोपताना आगीऐवजी हीच चालेल.

हाफिजसाहेबांनाही भेटा. पोरगा रात्री दचकतो, हे बहुतेक त्यांच्या कानावर गेलेलंच नसेल.