देणग्या येतात, तरी विशेष मुलांच्या शाळेत पगार का थकतात?

यवतमाळ जिल्ह्यातल्या अशाच एका विनाअनुदानित शाळेचा हिशेब मी बारा वर्षं लिहितोय. तुमचा प्रश्न आमच्या दर मीटिंगमध्ये निघतो.

पैसा येतो, पण पगारासाठी येत नाही. ३ डिसेंबरला दिव्यांग दिन. एका वर्षी त्या आठवड्यात चार व्हीलचेअर आल्या, हार-फोटोसकट. गरज एकाच पोराला. दोन अजून प्लास्टिकातच आहेत. डिझेलला मात्र कोणी देत नाही, त्यावर नाव कुठे टाकणार? आणि पगाराच्या खालोखाल खर्च गाडीचाच. पोरं पंधरा-वीस किलोमीटरवरून येतात. गाडी उभी, तर शाळा रिकामी.

गावातली देणगी कापसाच्या चुकाऱ्यावर अवलंबून. डिसेंबर ते फेब्रुवारी पावती पुस्तकं संपतात. जूनमध्ये पेरणी लागली की कोणाच्या दारात जायची सोय नाही. एक पालक दरसाल तुरीचा कट्टा आणून टाकतात, वर्षाचं वरण त्यातच निघतं. देणगीवर आयकरात सूट देणारी ८०जीची पावती त्यांना काय कामाची, शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नाही!

मग कर्ज काढा म्हणाल. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६अ प्रमाणे ट्रस्टसाठी कर्ज घ्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती येईस्तोवर पोळा होऊन जातो.

आमची खरी चूक सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांच्या समाजकार्याच्या पैशाच्या वेळची. २०१३च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. एका कंपनीनं दोन वर्षं पैसे दिले आणि आम्ही त्या भरवशावर पगार वाढवले. तिसऱ्या वर्षी त्यांचा प्रकल्प संपला. चार महिने पगार थकले, दोन शिक्षिका गेल्या. साधे बी.एड. गावोगावी बसून आहेत, पण भारतीय पुनर्वास परिषदेची (विशेष शिक्षकांची नोंदणी करणारी केंद्रीय संस्था) नोंदणी असलेला विशेष शिक्षक तालुक्यात शोधून सापडत नाही. वर्षभर शिकवून स्वतःच्या हातानं जेवायला लागलेला एक पोरगा त्या चार महिन्यांत पुन्हा आईच्या हातानं जेवायला लागला. हे बॅलन्सशीटमध्ये येत नाही.

आता आलेल्या देणगीतला ठरलेला भाग आधी पगाराच्या एफडीत टाकतो, मोडायची ती जून-सप्टेंबरलाच. शिवाय गावातले दुकानदार, मास्तर, निवृत्त लोक महिन्याला शंभर-शंभर देतात. रक्कम बारकी, वसुलीची कटकट मोठी, पण पेरणीतही येते. कंपनीचा पैसा आला तर बांधकामाला, पगाराला एक रुपया नाही.

तरी ऑगस्टमध्ये पंपावर उधारी होतेच.