वाचकांचे प्रश्न : नव्या एअर रायफलची चाचणी

प्रश्न : काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे. नुकतीच 4.5 मिमीची, नळी मोडून भरायची दमदार एअर रायफल घेतली. पहिल्याच दिवशी 25 मीटरवर 40 छर्रे मारले. नळीच्या तोंडातून धूर आला, जळक्या तेलाचा वास सुटला, मधूनच फटाक्यासारखा आवाज झाला आणि भोकं ताटाएवढ्या जागेत पसरली. दुकानदाराला परत करावी का?
— एक शेतकरी वाचक, काटोल

उत्तर : परत करायची घाई करू नका. तुम्ही लिहिलेलं सगळं नव्या स्प्रिंगच्या रायफलीत होतं. स्प्रिंग सुटली की पिस्टन पुढे धावतो आणि समोरची हवा क्षणात दाबली जाऊन अतिशय तापते. कारखान्यातून आलेलं जादा तेल-ग्रीस त्यात पेट घेतं, म्हणून धूर आणि वास. पेट घेतलेल्या शॉटला छर्रा नेहमीपेक्षा जोरात जातो, कधी आवाजाचा वेग ओलांडतो, तेव्हाच तो फटाका वाजतो. पुढचा शॉट पेटलाच नाही तर छर्रा खाली लागतो. एक वर, एक खाली, असा पसारा तिथूनच सुरू होतो.

आधी नळी पुसा. दोरीला कापडाची चिंधी बांधून ती भरायच्या बाजूने तोंडाकडे ओढा. चिंधी कोरडी आणि जवळजवळ स्वच्छ निघेपर्यंत नवी नवी चिंधी ओढत राहा. मग 100 ते 200 छर्रे नुसते रायफल बसण्यासाठी मारायचे, त्यांचा हिशोब धरायचा नाही. धूर हळूहळू कमी होत जातो. तेवढे मारूनही प्रत्येक शॉटला दाट धूर निघत असेल, तर मात्र दुकानदाराकडे जा. या काळात नळीत किंवा हवेच्या छिद्रात तेलाचा थेंबही सोडू नका. ‘दोन थेंब टाका, जोर वाढेल’ हा सल्ला सर्रास मिळतो. जोर वाढतो तो तेल पेटल्यामुळे, आणि तोच स्फोट पिस्टनचं सील जाळतो, स्प्रिंग तोडतो.

दुसरं कारण तुमच्या हातात आहे. रायफल पोत्यावर घट्ट दाबून धरली असेल, तर ती छर्रा भलतीकडेच टाकणार. स्प्रिंगच्या रायफलीला दोन धक्के असतात : आधी मागे, मग पिस्टन थांबला की पुढे. हे सगळं छर्रा नळीतच असताना घडतं. म्हणून ती दर वेळी सारखीच हलली पाहिजे. डावा तळवा उघडा ठेवा, त्यावर लाकडी दस्ता नुसता टेकवा, बोटं मिटू नका. तळवा दर वेळी एकाच जागी हवा, त्यासाठी दस्त्यावर पेन्सिलची खूण करून घ्या. खांद्याला हलकंच टेकवायचं. तळव्याखाली पोतं चालेल, दस्त्याखाली नाही.

दर 50 छर्र्यांनी दस्त्याचे स्क्रू तपासा. दणक्याने ते सैल होतात आणि नेम रोज वेगळा वाटू लागतो. हाताने बेताने आवळा, जोर लावून लाकूड चिरू नका.

25 मीटर नंतर, आधी 10 मीटर. एका जातीचे पाच छर्रे मारा, मग दुसऱ्या जातीचे. गोल डोक्याचे 8.4 ग्रेनच्या (सुमारे अर्ध्या ग्रॅमच्या) आसपासचे छर्रे बहुतेक नळ्यांना मानवतात, पण प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. पाच भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली की लांब जा. छर्रा न भरता ट्रिगर कधीही दाबू नका : हवेची गादी नसल्यामुळे पिस्टन थेट लोखंडावर आपटतो. आणि भरताना मोडलेली नळी दुसऱ्या हाताने धरूनच ठेवा. चुकून ट्रिगर दाबला गेला तर ती उसळून मिटते. बोट मध्ये असेल तर चेचतं.

प्रश्न : धरमपेठेत गच्चीवर, भिंतीला पुठ्ठा लावून सराव केला तर?

उत्तर : नको. पुठ्ठ्यामागची विटेची भिंत छर्रा परत फेकते, आणि नेम चुकला तर छर्रा कठड्यावरून काही शे मीटर जाऊ शकतो. खोक्यात जुने कपडे नि रबराचे तुकडे गच्च भरून ते मागे ठेवा, तेही चारी बाजूंनी बंद जागेत. चष्मा सगळ्यांनी लावायचा, बघणाऱ्यांनीही. छर्रे शिशाचे असतात, हात साबणाने धुतल्याशिवाय खाऊ नका.

प्रश्न : खोक्यावर ‘1000 फूट प्रति सेकंद’ लिहिलंय. परवाना लागेल का? उमरेडकडे जंगलात नेता येईल का?

उत्तर : 4.5 मिमीपेक्षा मोठी नळी किंवा 20 ज्यूलपेक्षा जास्त ताकद असेल तर परवाना लागतो. ताकद वेग आणि वजन दोन्हींवर ठरते. 0.547 ग्रॅमचा (8.44 ग्रेन) छर्रा सेकंदाला 270 मीटरने गेला तर जवळजवळ 20 ज्यूल होतात. तोच 1000 फुटांनी, म्हणजे 305 मीटरने गेला तर सुमारे 25 ज्यूल. खोक्यावरचा आकडा बहुधा सर्वांत हलक्या छर्र्याचा असतो, म्हणून विकत घेतानाच ज्यूलचा आकडा बिलावर लिहून मागा.

उमरेड-कऱ्हांडला हे अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. पक्षी-प्राण्यांवर नेम धरायचाच नाही. कागदी टार्गेट पुरेसं आहे.

प्रश्न : दुर्बीण बसवली, पण दर 20 छर्र्यांनी शून्य (दुर्बिणीची नेमाशी लावलेली जुळणी) हलतं. — हिंगणा

उत्तर : माउंट, म्हणजे दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणारी पकड, मागे सरकतोय. पुढच्या धक्क्यात रायफल झटक्याने पुढे जाते, दुर्बीण जागेवर राहू पाहते. माउंटखालची खिट्टी रायफलीवरच्या भोकात बसली आहे का, ते पाहा. तरीही हलत असेल तर दुर्बीण साध्या, काडतुसाच्या रायफलीसाठीची असेल. दोन्ही दिशांचा धक्का सोसणारी, एअर रायफलसाठीची घ्या. शून्य लावताना लक्षात ठेवा : दुर्बिणीच्या चकतीची पाव मिनिटाची (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक टिक 25 मीटरवर नेम सुमारे 1.8 मिमी सरकवते, 10 मीटरवर फक्त 0.7. मे महिन्यात बंद गाडीत रायफल ठेवू नका. ग्रीस पातळ होऊन पुढे वाहतं आणि धूर पुन्हा सुरू होतो.