वाचक विचारतात : झेंड्याची गाठ आणि नंदगडचा वड

प्रश्न : गेल्या १५ ऑगस्टला गावच्या शाळेत झेंडा वर गेला, पण गाठ काही सुटेना. शेवटी खाली उतरवावा लागला. पावसामुळे असं होतं का? (खानापूर तालुका)

उत्तर : पावसाचा वाटा आहेच. सुती दोरी भिजली की फुगते, वेढे आवळून बसतात. पण घोटाळा बहुधा खाली बांधतानाच झालेला असतो. सुरगाठीच्या जागी निरगाठ बसते.

मुळात या दिवशी पाकळ्या भरून झेंड्याची पुरचुंडी हवीच कशाला? १५ ऑगस्टला झेंडा खालून वर चढवायचा, म्हणून ते ध्वजारोहण. २६ जानेवारीला तो आधीच वर बांधलेला असतो, नुसता उलगडायचा. ध्वजसंहितेप्रमाणे चढवावा झपझप, उतरवावा सावकाश. खानापूरच्या पावसात मोकळाच झेंडा चढवा, असं आमचं मत.

पाकळ्या हव्यातच, तर केशरी बाजूची लाकडी गुल्ली वरच्या फाशात अडकवा. नेफ्यातून खाली आलेली दोरी खांबाच्या दोरीला पक्की बांधा. झेंड्याच्या घड्या घालून आत मूठभर पाकळ्या ठेवा, त्याही कोरड्या. ओल्या पाकळ्या खादीला चिकटतात आणि डाग पाडतात. मग झेंड्याच्या तळाकडच्या दोरीचे दोनच वेढे द्या. तीन-चार दिले की अडकलंच समजा. उरलेली दोरी दुमडून तिचा फास वेढ्याखाली खोचा, आरपार ओढू नका. गुंडाळी कप्पीपाशी पोचली की तीच तळाकडची दोरी हिसडायची. आदल्या दिवशी झेंड्याएवढ्या टॉवेलवर दोन-तीनदा करून बघा, दोरी ओली करूनसुद्धा.

भिजलेला झेंडा सावलीत पुरता वाळवूनच पेटीत ठेवा, नाहीतर खादीला बुरशी येते. नवा घ्यायचा तर खादीचा झेंडा आपल्या शेजारीच, हुबळीच्या बेंगेरीत तयार होतो. शाळेच्या खांबाला १३५० बाय ९०० मिलिमीटरचा शोभतो. प्रमाण कायम ३:२.

प्रश्न : १५ ऑगस्टला संगोळ्ळी रायण्णांच्या प्रतिमेलाही हार का घालतात? (बैलहोंगल)

उत्तर : कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या या शिलेदाराचा जन्म १५ ऑगस्टचा मानतात. इंग्रजांनी त्यांना खानापूर तालुक्यातल्या नंदगडला वडाच्या झाडावर फाशी दिलं, ते २६ जानेवारी १८३१ रोजी. पुढे हेच दोन्ही दिवस देशाचे राष्ट्रीय सण झाले, हा निव्वळ योगायोग. १५ ऑगस्ट ही तारीख माउंटबॅटन यांनी निवडली, कारण १९४५ साली त्याच दिवशी जपानने शरणागती जाहीर केली होती.